१,८०० नावांची वंशावळ एक्सेलमधून ग्रॅम्प्समध्ये कशी न्यावी, कशी लावावी?

पूर्णाकाठ
दर्यापूर आणि अचलपूर तालुक्यांतल्या एका घराण्याची माहिती एक्सेलमध्ये भरलेली आहे. साधारण १,८०० नावं, चार शाखा. वरच्या पिढ्या भाटाच्या (वंशावळी राखणाऱ्याच्या) वहीतून उतरवलेल्या, खालच्या घरोघरी विचारून. अर्धी शीट युनिकोडमध्ये आहे, अर्धी कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये. मोर्शीकडच्या शाखेचं मूळ गाव अप्पर वर्धाच्या बुडिताखाली गेलेलं. एकाच नावाची माणसं पिढ्यान्‌पिढ्या येतात, गणूचा रामा, रामाचा गणू.
विचारायचं असं: सॉफ्टवेअर कोणतं, चार शाखांच्या चार फायली कराव्या की एकच, बापाचं नाव कोणत्या रकान्यात, आणि सुना-लेकींच्या दोन-दोन नावांचं काय? फोटो आणि नोंदींचे स्कॅन वेगळ्या फोल्डरात आहेत.

खसरापत्रक
ग्रॅम्प्स हा वंशावळीचा प्रोग्राम घ्या. फुकट आहे, नेटशिवाय चालतं, माहिती तुमच्याच कॉम्प्युटरवर राहते आणि देवनागरी नीट दाखवतं. १,८०० नावं त्याला जड नाहीत.

पण त्याच्या आधी कृतिदेवचा निकाल लावा. कृतिदेवमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाईप होते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. रफाराचं नेमकं उलट. कन्व्हर्टर बहुतेक शब्द बरोबर फिरवतो, पण जिथे रफार आणि वेलांटी एकाच अक्षरावर येतात (कीर्ती, मूर्ती) तिथे फसतो. दुसरी जागा म्हणजे वऱ्हाडातला ऱ्ह. ‘कऱ्हाळे’ युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी साठवता येतं: एकदा नुक्त्याचा ऱ घेऊन, एकदा साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडचिन्हाचा कोड घेऊन. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात, पण प्रोग्रामच्या लेखी ती दोन आडनावं. मग यादीत कऱ्हाळे दोन ठिकाणी येतात आणि काहून येतात ते कळत नाही.

म्हणून कन्व्हर्ट झाल्यावर आडनावाच्या रकान्यावर पिव्होट टेबल लावा. ३०-४० आडनावंच निघतील. ती डोळ्याने तपासा, दिसायला सारखी दोन आली की फाइंड-रिप्लेसने एक करा. मग तेच पहिल्या नावांवर. हे काम एक्सेलमध्येच उरका. ग्रॅम्प्समध्ये गेल्यावर एकेक उघडून दुरुस्त करावं लागतं.

तारखांचीही तीच गत. एक्सेलला १९०० च्या आधीची तारीख कळत नाही, तो ती मजकूर म्हणून ठेवतो, आणि नंतरच्या तारखा आपल्या मनाने दिवस-महिना उलटे करून बसतो. तारखेचा अख्खा रकाना आधी ‘टेक्स्ट’ करा आणि वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, इंग्रजी आकड्यांत लिहा.

सेव्ह करताना ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हाच प्रकार निवडा. साध्या सीएसव्हीत देवनागरीची प्रश्नचिन्हं होतात आणि ती परत अक्षरं होत नाहीत.

खसरापत्रक
सीएसव्हीची रचना वर राहिली. एकाच फाइलीत तीन तक्ते एकाखाली एक, मध्ये प्रत्येकी एक कोरी ओळ. पहिला व्यक्तींचा: पर्सन, गिव्हन, सरनेम, जेंडर, बर्थडेट, बर्थप्लेस, डेथडेट. दुसरा लग्नांचा: मॅरेज, हजबंड, वाईफ, डेट, प्लेस. तिसरा लेकरांचा: फॅमिली, चाइल्ड. ही शीर्षकं इंग्रजी लिपीत लागतात, खालचा मजकूर देवनागरीत चालतो. पर्सनच्या रकान्यात प्रत्येकाला तुमचा एक क्रमांक द्या, आणि खाली हजबंड, वाईफ, चाइल्ड या रकान्यांत नाव न लिहिता तोच क्रमांक वापरा. मॅरेजला जो क्रमांक द्याल तोच फॅमिलीत लिहा. नाव लिहिलं की रामा-गणूचा घोळ तिथूनच सुरू होतो.

आधी एक शाखा, त्यातही ४०-५० नावं, नव्या कोऱ्या ट्रीमध्ये टाकून पाहा. इम्पोर्ट ‘अनडू’ होत नाही. चुकलं तर ट्री पुसून पुन्हा करायचं.

आणि इम्पोर्टच्या आधी प्रेफरन्सेसमध्ये आयडी फॉरमॅट पाच आकड्यांचा करून घ्या. मूळ साचा चार आकड्यांचा असतो. नोंदी दहा हजारांवर गेल्या की १०००० हा क्रमांक यादीत १००१ च्या आधी जाऊन बसतो. व्यक्तींचा आकडा तितका होणार नाही, पण इव्हेंट (जन्म, लग्न अशा घटना) आणि सायटेशन (पुराव्याच्या नोंदी) पाहता पाहता होतात.

वैनगंगा
एक फाइल की चार, याला माझं उत्तर ठामपणे एक. आपल्याकडे मामाची मुलगी करतात, दोन घरांत साटंलोटं होतं, एका शाखेची लेक दुसऱ्या शाखेच्या सुनेची नणंदही असते आणि भावजयही. चार फायली केल्या की ही माणसं प्रत्येक फाइलीत वेगळी जन्माला येतात. शाखा टॅगने दाखवा, चार शाखांना चार रंग. एका शाखेचाच तक्ता हवा असेल तर ‘अमक्याचे वंशज’ असा फिल्टर करून ठेवा.

नात्यात लग्न असेल तर तक्त्यात एकच पूर्वज दोन ठिकाणी दिसेल. तो रिपोर्टचा भाग आहे, डेटाबेसमध्ये माणूस एकच असतो. दुसरी नोंद समजून ती डिलीट करायला जाऊ नका, खरा माणूस जाईल.

झाडीपट्टी
गावांबद्दल कोणी लिहिलं नाही, आणि विदर्भात वंशावळ तिथेच अडते.

सीएसव्हीतून ठिकाणं एका ओळीत येतात, ‘पिंपळगाव, ता. अमुक, जि. तमुक’. तशी सोडू नका. ग्रॅम्प्समध्ये ठिकाणांची उतरंड बांधता येते: मौजा, त्याच्यावर तालुका, त्यावर जिल्हा, त्यावर राज्य. आणि प्रत्येक पायरीला तारीख लावता येते. आपल्याला ही सोय सोन्यासारखी आहे, कारण गाव जागेवर राहिलं आणि वरचं सगळं बदलत गेलं. गोंदिया १ मे १९९९ पर्यंत भंडाऱ्यात, वाशीम १ जुलै १९९८ पर्यंत अकोल्यात, गडचिरोली २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत चंद्रपुरात, आणि त्या चंद्रपूरचं जुन्या कागदांवरचं नाव चांदा. वर राज्याच्या पायरीला १९५० पर्यंत मध्य प्रांत, १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मध्य प्रदेश, मग मुंबई राज्य, १ मे १९६० पासून महाराष्ट्र. वऱ्हाडातले जुने जिल्हे १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडले, त्याआधीचा कारभार वेगळा. हे एकदा जिल्हा पातळीवर भरलं की खालच्या सगळ्या गावांना आपोआप लागू होतं, आणि १९३० चा जन्म ‘मध्य प्रांत’ असा, १९७० चा ‘महाराष्ट्र’ असा छापून येतो.

एकाच नावाची गावं ढिगाने आहेत. सावंगी, बोरगाव, वडगाव, पिंपरी कोणत्याही तालुक्यात सापडतील. खुर्द-बुद्रुक नावातच ठेवा, गाळू नका. ठिकाणाच्या नोंदीत ‘कोड’ नावाचा रकाना आहे, त्यात २०११ च्या जनगणनेतला सहा आकडी गावक्रमांक टाका. पुढे दुसऱ्या कोणाच्या फाइलीशी जुळवताना तोच कामी येतो, स्पेलिंग नाही.

रिठी गावांना जुन्या नोंदी असतात पण वस्ती नसते. ती वेगळं ठिकाण म्हणून ठेवा, प्रकार ‘रिठी’ असा स्वतःचा बनवता येतो. बुडीत गावाचंही तसंच: जुनं गाव वेगळं, पुनर्वसन झालेलं गाव वेगळं, नाव सारखं असलं तरी. जुन्याला शेवटची तारीख घाला, नव्याला सुरुवातीची. दोन्ही एक केली तर आजोबांचा जन्म नकाशावर अशा जागी दिसतो जिथे तेव्हा नुसतं रान होतं.

पूर्णाकाठ
झाडीपट्टी भाऊ, हे लय कामाचं सांगितलं. एक शंका: भाटाच्या वहीत गावाचं नुसतं नाव आहे, तालुका नाही. तिथे काय करावं?

झाडीपट्टी
अंदाजाने तालुका जोडू नका. ते गाव वरच्या पायरीशिवाय मोकळं ठेवा आणि त्याला ‘ठरायचं आहे’ टॅग लावा. फेरफार (जमिनीच्या हक्कबदलाची नोंद) किंवा सोयरिकीवरून पत्ता लागला की जोडा. चुकीच्या सावंगीला एकदा जोडलं की पुढचा माणूस त्या तालुक्याच्या रेकॉर्डमध्ये शोधत बसतो.

दाखलखारीज
नावांकडे येतो. ग्रॅम्प्समध्ये एका माणसाला आडनावाच्या अनेक ओळी देता येतात आणि प्रत्येकीला प्रकार. बापाचं नाव एका ओळीत ‘पॅट्रोनिमिक’ प्रकाराने टाका, आडनाव दुसऱ्या ओळीत, आणि ‘प्रायमरी’ची खूण आडनावावर ठेवा. यादीत रामा गणू आणि रामा महादू वेगळे दिसतात, त्यांचा क्रम मात्र आडनावानेच लागतो.

वानखडे-वानखेडे, चौधरी-चवधरी असे भेद असतील तर एकाला बरोबर ठरवून दुसऱ्याला मोडू नका. कागदावर जसं आहे तसं ठेवा, आणि नावाच्या खिडकीत ‘ग्रुप ॲज’ म्हणून रकाना आहे त्यात सगळ्यांना एकच रूप द्या. यादीत एकत्र येतात, नोंद मूळची राहते.

खसरापत्रक
दाखलखारीज सर, बापाच्या नावाबद्दल मात्र पटत नाही. बाप लिंकने जोडलेला असताना त्याचं नाव मुलाच्या नोंदीत पुन्हा कशाला? उद्या बापाचं नाव गणू नसून गणपत निघालं तर सहा मुलांच्या नोंदी दुरुस्त कराव्या लागतील. शिवाय जेडकॉम (वंशावळ एका प्रोग्राममधून दुसऱ्यात नेण्याचा फाइल-प्रकार) करून दुसऱ्या प्रोग्राममध्ये नेलं की दोन्ही ओळी आडनावातच चिकटण्याची भीती.

दाखलखारीज
जेडकॉमची भीती रास्त आहे. आधी पाच नावं नेऊन पाहावीत. पण जिथे बाप अजून जोडलेलाच नाही तिथे हे नाव ही एकच ओळख असते. कोतवाल बुकातून (गावच्या जन्म-मृत्यूच्या वहीतून) नोंदी उचलताना शंभर रामा येतात. जोडणी होईपर्यंत ठेवा, झाली की काढा, असा मध्यम मार्ग धरता येईल.

लेकी-सुनांचं. माहेरचं नाव हे मुख्य नाव, प्रकार ‘बर्थ नेम’. सासरी बदललेलं नाव ‘ऑल्टरनेट’ मध्ये, प्रकार ‘मॅरीड नेम’. सासरचंच नाव माहीत असेल तर तेच मुख्य ठेवा पण प्रकार ‘मॅरीड नेम’ द्या, उगाच जन्मनाव म्हणून खपवू नका. माहेरचं आडनाव माहीत नसलं तर रकाना कोरा. ‘अज्ञात’ असं लिहिलं की अज्ञात आडनावाचं एक मोठं घराणंच यादीत उभं राहतं. माहेरच्या गावासाठी ‘माहेर’ नावाचा ॲट्रिब्यूट बनवा. वहीत बहुतेक वेळा बाईचं नाव नसतं पण माहेरचं गाव असतं, आणि पुढे दुसऱ्या घराण्याशी धागा तिथूनच जुळतो.

जुन्या महसुली कागदात आडनाव नसतंच, ‘रामा वल्द गणू’ (गणूचा मुलगा रामा) एवढंच. त्या काळच्या माणसाला आजचं आडनाव चिकटवायचं असेल तर ग्रुपिंगपुरतं चिकटवा. नोंदीतला शब्दशः मजकूर सायटेशनच्या नोटमध्ये जशाच्या तसा उतरवा. ‘बेवा’ दिसलं तर नवरा त्या तारखेच्या आधी वारला, ‘जौजे’ दिसलं तर नुसतं अमक्याची बायको, ‘अ.पा.क.’ दिसलं तर मूल अज्ञान आणि पुढचं नाव पालकाचं. पालक म्हणजे बापच असं धरू नका, काका किंवा आई असू शकते.

कोतवालबुक
सोर्सेसची मांडणी सांगतो, कारण १,८०० नावांत सगळ्यात मोठा पसारा इथेच होतो. ग्रॅम्प्समध्ये तीन पायऱ्या आहेत. रिपॉझिटरी म्हणजे कागद जिथे ठेवलाय ती जागा: तहसीलचा अभिलेख कक्ष, भूमी अभिलेख, शाळा, भाटाचं घर. सोर्स म्हणजे एक वही. सायटेशन म्हणजे त्या वहीतलं एक पान, एक अनुक्रमांक. लोक प्रत्येक नोंदीला नवा सोर्स करतात आणि यादीत ‘कोतवाल बुक’ चारशे वेळा येतं. एक वही एक सोर्स, नाव ठरलेल्या साच्यात: आधी वहीचा प्रकार, मग मौजा, मग वर्षं.

एका वारस फेरफारात सहा वारस असतील तर सायटेशन एकच बनवा आणि क्लिपबोर्डवरून ओढून सहाही जणांना लावा. स्कॅनही त्या एकाच सायटेशनला. वाचनात चूक निघाली तर दुरुस्ती एका ठिकाणी होते.

प्रत्येक सायटेशनला भरवशाची पाच दर्जांची पट्टी आहे. ती भरा, आणि कोणता कागद कशाचा पुरावा आहे हे लक्षात ठेवून भरा. कोतवाल बुकात (जन्म-मृत्यूची नोंदवही, गाव नमुना १४) जन्माच्या नोंदीत कितीदा बाळाचं नावच नसतं. बापाचं नाव, ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’, आणि तारीख. तारखेला दर्जा ‘हाय’ द्या, पण ते मूल म्हणजे अमुकच ही आपली जुळवणी आहे, तिला ‘लो’. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरमध्ये (मुलं आल्या-गेल्याची वही) उलट: नाव पक्कं, तारीख कच्ची. १ जून आणि १ जुलै या जन्मतारखा गुरुजींनी प्रवेशाच्या सोयीने घातलेल्या असतात. तिथे ‘सुमारे १९३८’ अशी भरा, म्हणजे भावंडांचा क्रम लावताना ती तारीख हट्ट करणार नाही.

भाटाची वही वंशाच्या ओळीसाठी चांगली, तारखांसाठी नाही, आणि मुलींसाठी तर नाहीच. हिंदू वारसा कायदा १७ जून १९५६ ला लागू झाला. त्याआधीच्या फेरफारात मुली नसणं साहजिक होतं. म्हणून ‘तीन मुलगे’ एवढंच दिसलं तर त्या कुटुंबाला ‘लेकी शोधायच्या’ असा टॅग लावा. एवढीच मुलं होती असं समजून पुढे जाऊ नका.

शके वर्षात ७८ मिळवा, पण पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंतची तिथी असेल तर ७९. फसलीत (जुन्या महसुली सालात) आणखी जपून: दक्षिणेकडच्या फसलीत ५९० मिळवतात, उत्तरेकडच्या फसलीत ५९२, आणि वर्ष मध्येच बदलत असल्याने एक वर्ष इकडे-तिकडे. कागद कोणत्या अमलातला ते पाहूनच बदला, आणि मूळ आकडा नोटमध्ये राहू द्या.

वैनगंगा
कोतवालबुक काका, पूर्वेकडच्यांसाठी जोड: नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा हा मालगुजारीचा (जमीनदारीचा) मुलूख. तिथे बंदोबस्ताची मिसल (सारा ठरवतानाचे कागद) आणि १९५४-५५ चं अधिकार अभिलेख हे दोन कागद पिढ्या जोडायला सगळ्यात उपयोगी. वऱ्हाड रयतवारी, तिथे फेरफार आणि पाहणीपत्रकावर भर. पूर्णाकाठ, वर्ध्याकडे गेलेल्या सोयऱ्यांचे कागद शोधताना वह्यांची वऱ्हाडातली नावं घेऊन कचेरीत जाऊ नका, बाबू लोकांना वहीचं स्थानिक नाव सांगावं लागतं.

सातपुडा_पायथा
स्कॅनचं थोडक्यात. कागद ३०० डीपीआय, पासपोर्टएवढे जुने फोटो ६००. मूळ प्रत टिफमध्ये बाजूला, ग्रॅम्प्सला जेपेग जोडा. फाइलींची नावं इंग्रजी अक्षरांत आणि आकड्यांत, जागा न सोडता. देवनागरी नावं झिप करून दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली की कधी कधी तुटतात. सगळं एका मुख्य फोल्डरात ठेवून प्रेफरन्सेसमध्ये त्याचा ‘बेस मीडिया पाथ’ द्या आणि ‘रिलेटिव्ह पाथ’ वापरा. नाहीतर पेनड्राइव्हचं अक्षर डी चं ई झालं की सगळे फोटो गायब.

बॅकअप म्हणजे जेडकॉम नव्हे. जेडकॉममध्ये टॅग आणि ग्रॅम्प्सच्या खास गोष्टी गळतात. ‘ग्रॅम्प्स पॅकेज’ करा, त्यात फोटोंसकट सगळं येतं. नवी आवृत्ती टाकण्याआधी हमखास करा, कारण नव्या आवृत्तीने एकदा ट्री बदलली की जुनीत उघडत नाही.

पूर्णाकाठ
दुसऱ्या एका भाऊबंदाने स्वतःची फाइल केली आहे, ६०० नावं, बरीच आमच्यातलीच. ती कशी मिसळावी? आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर लोक पूर्ण यादी मागतात.

खसरापत्रक
इम्पोर्ट म्हणजे मिसळणं नव्हे. ग्रॅम्प्स ६०० च्या ६०० नवी माणसं म्हणून घेईल. म्हणून आधी पॅकेज बॅकअप, मग प्रेफरन्सेसमध्ये ‘इम्पोर्टला टॅग लावा’ चालू करा, मग इम्पोर्ट. आता आलेली सगळी माणसं टॅगने ओळखू येतात. त्यांची फाइल जुन्या प्रोग्राममधून आलेली असेल तर जेडकॉम आधी नोटपॅडमध्ये उघडा. वरच्या ओळींत अक्षरसंच यूटीएफ-८ लिहिलेला हवा. ‘अँसेल’ किंवा ‘अँसी’ असेल तर त्यांच्याकडूनच पुन्हा काढून घ्या.

दुहेरी शोधायला ‘पॉसिबल डुप्लिकेट पीपल’ हे टूल आहे. त्यातली साउंडेक्सची (उच्चारावरून नावं जुळवण्याची) खूण काढा, ती रोमन अक्षरांसाठी आहे, देवनागरीला उपयोग नाही. टूल जे सुचवेल ते सुचवणं आहे. आजा-नातू एकाच नावाचे असतात, तेव्हा बाप, बायको आणि गाव या तिन्हींपैकी किमान दोन जुळल्याशिवाय मर्ज करू नका. क्रम वरून खाली: मूळ पुरुष, त्याची बायको, मग लेकरं. खालून सुरू केलं तर एकाच पोराला दोन जोड आईबाप लागतात. संपल्यावर ‘चेक अँड रिपेअर’ चालवा.

दाखलखारीज
व्हॉट्सॲपवर पूर्ण यादी टाकू नका. निर्यात करताना हयात माणसं वगळायची किंवा त्यांची नावं झाकायची सोय आहे, ती वापरा. इथे एक खाच आहे. प्रोग्राम हयात कोण हे जन्मतारखेवरून ठरवतो आणि ११० वर्षांपर्यंत माणूस जिवंत धरतो. गेलेल्या माणसांना मृत्यूची तारीख माहीत नसली तरी मृत्यूचा कोरा इव्हेंट जोडा, नाहीतर १९२५ चे आजोबा हयात म्हणून गळतील. आणि आधार क्रमांक, फोन, बँक यातलं काहीही डेटाबेसमध्ये भरायचंच नाही.

सगळ्यांना घरबसल्या पाहायचं असेल तर वेबट्रीज, वेबसाइटवर वंशावळ दाखवणारा प्रोग्राम. पीएचपी आणि मायएसक्यूएल चालणारं होस्टिंग लागतं, तिथे जेडकॉम चढवायचं. पाहुण्याला हयात माणसं दिसत नाहीत अशी मूळची व्यवस्था आहे. मुख्य प्रत मात्र ग्रॅम्प्समध्येच राहू द्या, दोन्हीकडे दुरुस्त्या केल्या की कोणती खरी ते ठरत नाही.

कोतवालबुक
कोणी ही वंशावळ जात पडताळणीला लावायची म्हणेल, ते होणारच. तिथे प्रोग्रामचा तक्ता पुरावा नाही, प्रमाणित नकला पुरावा. अर्जदारापासून वर ज्या पूर्वजाचा कागद लावताय तेवढीच ओळ घ्या, आणि नावं कागदावर जशी आहेत तशीच. इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा कागद लागतो. त्या तारखांच्या आधीच्या सायटेशनना एक टॅग लावून ठेवलात तर घरातल्या कोणत्याही पोराला मागितल्याबरोबर देता येईल.

सातपुडा_पायथा
तेराव्याला किंवा लग्नात लावायला फ्लेक्स हवा असतो म्हणून: १,८०० नावं एका फ्लेक्सवर वाचता येत नाहीत. एका शाखेचा, चार-पाच पिढ्यांचा वंशज-तक्ता काढा, फॉन्ट मुक्ता किंवा नोटो देवनागरी, आणि पीडीएफ द्या. दुकानदार तो कोरलमध्ये उघडून मजकूर पुन्हा टाईप करायला निघाला तर थांबवा, जोडाक्षरं फुटतात. पीडीएफ जशीच्या तशी चित्र म्हणून घ्यायला सांगा.

वंशज अहवालात १.२.३ असे क्रमांक पडतात, त्यांना कायमचा क्रमांक समजू नका. वरच्या पिढीत एक थोरला भाऊ सापडला की खालचे सगळे बदलतात.

पूर्णाकाठ
शेवटचा प्रश्न. दत्तक गेलेला मुलगा आणि पाटाच्या (पुनर्विवाहाच्या) बायकोने पहिल्या घरचं सोबत आणलेलं लेकरू, हे कसं जोडावं?

वैनगंगा
दत्तकाला दोन कुटुंबं जोडा. जन्मदात्यांकडे नातं ‘बर्थ’, घेणाऱ्यांकडे दोघांशीही ‘अडॉप्टेड’. दत्तकपत्र असेल तर त्याचा इव्हेंट आणि सायटेशन. अहवालात कोणतं घर पुढे यावं ते ‘प्रिफर्ड’ ने ठरतं. जमिनीच्या कागदांशी जुळवायचं असेल तर दत्तक घर पुढे ठेवा. त्याचं जुनं नाव ऑल्टरनेटमध्ये.

पाटाच्या बाईची दोन कुटुंबं करा, पहिल्या नवऱ्यासोबत एक, दुसऱ्यासोबत एक. लेकरू पहिल्यातच राहतं. दुसऱ्या घरी वाढलं असेल तर तिथेही जोडा, आईशी ‘बर्थ’ आणि बापाशी ‘स्टेपचाइल्ड’. पाट हा लग्नाच्या इव्हेंटचा स्वतंत्र प्रकार करून घ्या. फेरफारात अशा लेकराच्या नावापुढे कधी पहिल्या बापाचं ‘वल्द’ असतं, कधी दुसऱ्याचं. दोन्ही कागद मिळाले तर दोन्ही सायटेशन त्याच माणसाला लावा, दोन माणसं करू नका.